व्हँकुव्हरचे तेजासिंग मास्तर आणि न झालेले गिरमिट

मराठी आगमनाच्या शताब्दीची ही स्मरणिका. तिच्यात एका पंजाबी मास्तरांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल, आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर १९०८ सालच्या हिवाळ्यात आहे. त्या हिवाळ्यात कॅनडातल्या हिंदी मजुरांना जहाजात बसवून मध्य अमेरिकेतल्या ब्रिटिश होंडुरासला गिरमिटावर पाठवण्याचा सरकारी बेत जवळजवळ ठरला होता. तो मोडला गेला. मोडणाऱ्यांत पुढे होते प्राध्यापक तेजासिंग. गावोगाव आणि देशोदेशी फिरलेला, शिकवणे हाच पेशा आणि समाजाची कामे हाच छंद असलेला हा माणूस आपल्या घराण्यांच्या इतिहासात कुठेच येत नाही. तरी त्यांची हकीकत आपल्यासारख्या गिरमिटियांच्या नातवंडा-पतवंडांनी वाचावी अशी आहे, कारण आपल्या खापरपणजोबांच्या बाबतीत जे घडायला हवे होते आणि घडले नाही, ते व्हँकुव्हरला घडले.

आपल्याकडे काय झाले ते थोडक्यात आठवू. रत्नागिरी, सातारा, पुणे, नाशिक या भागांतून माणसे मुंबई बंदरात आली, तिथून मॉरिशसला गेली. ‘अ‍ॅग्रीमेंट’ हा शब्द जिभेला वळला नाही, त्याचे गिरमिट झाले. कागद इंग्रजीत. खाली अंगठा. मुदत पाच वर्षांची आणि पगार, सुरुवातीच्या काळात, पुरुषाला महिना पाच रुपये नि शिधा. कागदावर एवढेच वाचून दाखवले तरी ते गावच्या मजुरीपेक्षा बरे वाटे. पण एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा ही मॉरिशसची ‘दुहेरी कापणी’ त्यांना कोणी आधी समजावली नसणार. मालक बदलता येत नाही, काम सोडले तर दिवाणी दावा नव्हे तर फौजदारी गुन्हा आणि तुरुंग, हे त्यांना बेटावर उतरल्यावर कळले. आपल्या पूर्वजांना काही लोक भोळे म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. दुष्काळाने, कर्जाने घेरलेल्या माणसाला कागद वाचून दाखवणारा तोच असेल ज्याला माणशी दलाली मिळते, तर तिथे शहाणपणाचा काय उपयोग?

आता कॅनडाकडे येऊ. १९०४ ते १९०८ या चार-पाच वर्षांत सुमारे पाच हजार हिंदी माणसे ब्रिटिश कोलंबियात उतरली. बहुतेक पंजाबचे शीख शेतकरी, त्यांत बरेच फौजेतून निवृत्त झालेले. कोणी हाँगकाँग-शांघायला पोलिसात किंवा पहारेकरी म्हणून राहून आलेले. ते कोणाशी करार करून आले नव्हते, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून आले होते. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे त्यावरच सारे वळते. लाकडाच्या गिरण्या, रेल्वेचे रूळ, जंगलतोड, अशी कामे त्यांना मिळत. मजुरी दिवसाला दीड-दोन डॉलर, गोऱ्या मजुरापेक्षा कमी, पण पंजाबातल्या कमाईशी तुलनाच नाही.

गोऱ्या वस्तीला हे लोक नको होते. १९०७ मध्ये प्रांताने हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरात व्हँकुव्हरला आशियाई लोकांविरुद्ध दंगल झाली. जानेवारी १९०८ मध्ये ‘अखंड प्रवासा’चा हुकूम निघाला: मायदेशातून थेट, एकाच तिकिटावर, कुठेही न थांबता आलेल्यालाच प्रवेश. हिंदुस्थानातून तसे येण्याची सोयच अडवलेली होती, म्हणजे हुकुमात ‘हिंदी’ हा शब्द न लिहिता दार बंद झाले. उतरताना जवळ दाखवायची रक्कमही हिंदी माणसासाठी दोनशे डॉलर केली गेली. तेव्हा मजूर खात्यात असलेले मॅकेन्झी किंग, पुढे जे पंतप्रधान झाले, ते याच कामी लंडनला जाऊन आले. त्यांच्या अहवालात एक मुद्दा असा की, हिंदुस्थानच्या देशांतर कायद्यानुसार कराराने बांधलेल्या मजुराला कॅनडात जायला परवानगीच नाही. हा कायदा कशासाठी झाला होता? गिरमिटियांचे रक्षण व्हावे म्हणून! त्याने आपल्या माणसांचे रक्षण किती केले ते आपण जाणतो. इथे मात्र तो मुक्त माणसांना दाराबाहेर ठेवायला उपयोगी पडला.

अशा वेळी तेजासिंग व्हँकुव्हरला आले.

त्यांचा जन्म १८७७ सालचा, आज पाकिस्तानात असलेल्या गुजरांवाला जिल्ह्यातला. लाहोरला एम. ए. आणि मग वकिलीची परीक्षा. वकिली करून चांगला पैसा मिळवता आला असता, पण ते शाळामास्तर झाले. भेरा इथल्या शाळेत मुख्याध्यापक, नंतर अमृतसरच्या खालसा कॉलेजात उपप्राचार्य. तिथे असताना संत अत्तरसिंग मस्तुआणावाले यांच्याशी संबंध आला आणि आयुष्याची दिशा ठरली. पाश्चात्त्य विद्या शिकून यावे आणि आपल्या लोकांसाठी शाळा काढाव्यात, ही कामगिरी घेऊन ते १९०६ साली विलायतेला गेले. लंडन, मग केंब्रिज. डोक्यावरची पगडी त्यांनी तिथे उतरवली नाही, आणि ती त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९०८ साली लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांना व फिरस्त्यांना धरून खालसा जथा स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. तिथून अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात, शिक्षणशास्त्राचा अभ्यास करायला. व्हँकुव्हरच्या लोकांनी तिथून त्यांना बोलावले. (याच नावाचे आणखी एक विद्वान प्राध्यापक पंजाबात होऊन गेले, १८९४ साली जन्मलेले, ग्रंथकार. दोघांची गल्लत पुष्कळ ठिकाणी होते. आपले तेजासिंग ते नव्हेत.)

व्हँकुव्हरला तेव्हा खालसा दिवाण सोसायटी होती, १९०६ मध्ये स्थापन झालेली. वेस्ट सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर गिरणीमजुरांनी वर्गणी काढून गुरुद्वारा बांधला होता. जानेवारी १९०८ मध्ये तो उघडला. म्हणजे ज्या महिन्यात सरकारने दार बंद केले, त्याच महिन्यात या लोकांनी आपले घर बांधून पूर्ण केले. तिथे शीखच येत असे नाही. हिंदू, मुसलमान, नुकता उतरलेला कोणीही जेवायला आणि निजायला येई. सभा तिथेच, पंचायत तिथेच.

शिकवण्याचे काम तेजासिंगांच्या आधीही कोणी करीत नव्हते असे नाही. तारकनाथ दास या बंगाली तरुणाने न्यू वेस्टमिन्स्टरजवळ मिलसाइडला मजुरांसाठी शाळा काढली होती. इंग्रजी वाचता-लिहिता यावे, हिशेब करता यावा, एवढाच धडा. दास तेव्हा इमिग्रेशन खात्यात दुभाषे होते. त्यांनी त्याच वर्षी ‘फ्री हिंदुस्थान’ नावाचे पत्रही सुरू केले, आणि सरकारी दडपणाखाली शाळा व गाव दोन्ही सोडून त्यांना सिएटलला जावे लागले. गिरणीतल्या मजुराला अक्षरओळख होणे सरकारला इतके खुपावे, यातच अक्षराची किंमत कळते.

१९०७ च्या अखेरीपासून मंदी होती. गिरण्या बंद पडत होत्या. ओटावाच्या सरकारने असे मांडले की हिवाळ्यात हे हिंदी लोक बेकार होऊन रस्त्यावर येतील, त्यांचा भार शहरावर पडेल, तेव्हा त्यांच्याच भल्यासाठी त्यांना ब्रिटिश होंडुरासला, म्हणजे आजच्या बेलीझला, हलवावे. तिथे उसाचे नि इतर मळे आहेत, हवा उष्ण आहे, हिंदी माणसाला मानवेल. प्रांतातल्या वृत्तपत्रांना ही कल्पना फार आवडली. दोन्ही मुलूख साम्राज्याचेच, तेव्हा हद्दपारीचा ठपका येत नव्हता. काम ‘देऊ’ केले होते, तेव्हा जबरदस्तीही म्हणता येत नव्हती.

सरकारने एक गोष्ट मात्र बरी केली, किंवा त्यांना ती करावी लागली. मजुरांच्या दोन प्रतिनिधींनी आधी जाऊन मुलूख पाहावा असे ठरले. नगरसिंग आणि शामसिंग हे दोघे ऑक्टोबर १९०८ मध्ये निघाले. बरोबर गृहमंत्र्यांचे चिटणीस जे. बी. हार्किन, आणि दुभाषा म्हणून विल्यम हॉपकिन्सन. हार्किन पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांचे पहिले आयुक्त झाले. डोंगर, झाडे, हरणे यांच्यावर प्रेम करणारा अधिकारी म्हणून त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. इतिहासात अशी माणसे एका पुस्तकात एका रूपात आणि दुसऱ्यात दुसऱ्या रूपात भेटतात. हॉपकिन्सन कलकत्त्याच्या पोलिसातून आलेला, हिंदुस्थानी जाणणारा. पुढची सहा वर्षे तो व्हँकुव्हरच्या हिंदी वस्तीवर पाळत ठेवून होता आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये तिथल्याच न्यायालयात मेवासिंग यांनी त्याला गोळी घातली. पण ती वेगळी कथा.

दोघे नोव्हेंबरात परतले. गुरुद्वाऱ्यात सभा भरली. त्यांनी जे पाहिले ते सांगितले: मजुरी अगदी थोडी, शिधा महाग, पाण्याची वाण, हिवतापाची जागा. आणि सर्वांत महत्त्वाचे, तिथे आधीच गिरमिटावर आलेले थोडे हिंदी मजूर त्यांना भेटले होते आणि आम्हांला इथून सोडवा म्हणून विनवत होते. नगरसिंग यांनी असेही सांगितले की अनुकूल अहवाल द्यावा म्हणून हॉपकिन्सनने आपल्याला तीन हजार डॉलर देऊ केले. हा आरोप आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण सभेने तो ऐकला, आणि सभेचा निर्णय एकमुखाने झाला: जायचे नाही.

हार्किन यांचा अहवाल १९०९ मध्ये ओटावाहून छापून निघाला. त्यात चित्र अगदी उलटे आहे: हवा चांगली, काम भरपूर, लोकांनी नाही म्हटले ते चिथावणीमुळे. एकाच प्रवासाला गेलेल्या चार माणसांची दोन वेगवेगळी निवेदने! कोणाचे खरे, हे ठरवायला आम्हांला एकच कसोटी दिसते. हार्किन यांना तिथे राबायचे नव्हते.

या सगळ्यात तेजासिंगांचे काम नेमके कोणते? बेत मोडण्याचे सारे श्रेय त्यांना देणारी लेखने आहेत. आमच्या मते तो अन्याय आहे, नगरसिंग-शामसिंगांवर आणि त्या सभेवर. तीन हजार डॉलर म्हणजे गिरणीतल्या मजुराची पाच-सहा वर्षांची कमाई. आरोप खरा असेल तर तो मोह एका मजुराने बाजूला सारला होता, प्राध्यापकाने नव्हे. तेजासिंगांनी जे केले ते मास्तरांचे काम. त्यांनी ऐकलेल्या गोष्टींची मांडणी केली आणि ती सरकारला समजेल अशा भाषेत पुढे ठेवली.

ती मांडणी साध्या गणिताची होती. गिरणीत महिन्याचे सव्वीस दिवस भरले तर दीड डॉलरच्या हिशेबाने एकोणचाळीस डॉलर होतात. होंडुरासला महिन्याचे दहा-बारा डॉलर आणि शिधा. इथे आज एका गिरणीत पटले नाही तर उद्या दुसरीत जाता येते. तिथे मुदत संपेपर्यंत मालक एकच. इथे मंदी आहे खरी, पण मंदी जाते, गिरमिट मुदतीआधी जात नाही. दुसरा मुद्दा बेकारीचा. सरकारचा सारा डोलारा ‘हे लोक भिकेला लागतील’ या एका वाक्यावर उभा होता. तेजासिंगांनी उत्तर दिले की आमचा कोणीही माणूस शहराच्या दारात हात पसरायला गेलेला नाही. काम नसेल त्याला गुरुद्वाऱ्यात अन्न आहे, आणि ज्याला काम आहे तो वर्गणी देतो. हे नुसते बोलून थांबले नाही. गुरु नानक मायनिंग अँड ट्रस्ट कंपनी काढण्यात आली. मजुरांनी थोडे थोडे पैसे घालून भाग घ्यायचे, कंपनीने व्हँकुव्हरजवळ जमीन घ्यायची, तिथे आपली माणसे कामाला लावायची. जमीनदार माणसाला ‘निराश्रित’ कसे म्हणणार? कंपनी धंदा म्हणून किती चालली हा प्रश्न गौण आहे. त्या वेळी ती एक दाखला होती, आणि सरकारी कागदाला कागदानेच दिलेले उत्तर होती.

डिसेंबरात खुद्द ब्रिटिश होंडुरासचे गव्हर्नर स्वेन व्हँकुव्हरला आले. हे गृहस्थ मूळचे हिंदी फौजेतले, तेव्हा फौजेतून आलेल्या शिखांना त्यांचे ऐकावेसे वाटेल अशी अटकळ असावी. तेजासिंग आणि इतर मंडळी त्यांना भेटली. बोलणे झाले आणि योजना बारगळली. स्वेन यांनी नंतर एक गुप्त टिपण लिहिले, तेही आज अभ्यासकांना माहीत आहे. त्यात त्यांची खरी काळजी उघडी पडते. हिंदी मजूर इथे गोऱ्या मजुराच्या खांद्याला खांदा लावून काम करतो, त्याला जवळून पाहतो, आणि त्यामुळे साहेबाचा दबदबा कमी होतो, असा त्यांचा सूर आहे. म्हणजे हिवाळ्यातली उपासमार हे कारण नव्हतेच. ऊसमळ्यावर पाठवले की साहेब घोड्यावर आणि मजूर सरीत. मग जवळून पाहण्याचा प्रश्नच नाही. आपल्या घरातली जुनी माणसे मळ्यावरच्या साहेबाबद्दल काय सांगत ते आठवले की या टिपणाचा अर्थ आपल्याला चटकन लागतो.

इथे एक गोष्ट मनाला टोचते आणि ती लिहायला हवी. व्हँकुव्हरच्या नकारात स्वाभिमान होता, तशी थोडी तुच्छताही होती. आम्ही बादशहाचे शिपाई, आम्ही स्वतःच्या पैशाने आलो, आम्ही कुली नव्हे, असा त्यांच्या अर्ज-विनंत्यांतला सूर अनेकदा ऐकू येतो. कुली म्हणजे कोण? आपलेच आजे-पणजे. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्याला ढकलले जात आहे तो हाताला लागेल ते धरतो. पण होंडुरासात विनवण्या करणारी ती थोडी माणसे तिथेच राहिली. त्यांना आणायला कोणतेही जहाज गेले नाही. गिरमिट ‘आपल्यावर’ येऊ नये, आणि गिरमिट ‘असूच’ नये, या दोन मागण्यांत अंतर आहे. व्हँकुव्हरने पहिली जिंकली. दुसरी मागणी मांडायला एक दुसरे मास्तर पुढे आले, आणि ते मात्र आपल्या कोकणातले.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ मध्ये कोतळूकला, गुहागरजवळ. ज्या किनाऱ्यावरून आपली माणसे मुंबईची वाट धरून मॉरिशसला गेली, तोच हा किनारा. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि मग फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी अठरा-वीस वर्षे शिकवले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून पुष्कळ चालले. १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात त्यांनी नाताळसाठी गिरमिटी मजूर भरती बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी पुढचे पाऊल टाकले: ही पद्धतच सर्वत्र बंद करा. मजूर कुठे चालला हे त्याला ठाऊक नसते, मालक तो निवडीत नाही, पाच वर्षे तो सुटू शकत नाही आणि चुकला तर त्याला गुन्हेगाराची शिक्षा होते, हे त्यांनी एकेक करून सभागृहापुढे ठेवले. गणिताचे पुस्तक लिहिणाऱ्याची ही पद्धत. ठरावाला २२ मते पडली, विरुद्ध ३३. हिंदी सभासदांच्या मनात काय होते ते त्या बावीस मतांत दिसते. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रकृती बरी नसताना ते दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले. फेब्रुवारी १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले, वय अवघे अठ्ठेचाळीस. १९१७ मध्ये भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी उरलेली गिरमिटे रद्द झाली, ते पाहायला ते नव्हते.

दोन मास्तरांची एकमेकांशी गाठ पडल्याचे आमच्या वाचनात नाही, आणि तसे जुळवून दाखवण्याचीही गरज नाही. त्यांच्या लढायांमध्ये अर्धी पृथ्वी होती. एकाच्या हाती कायदेमंडळ होते, दुसऱ्याच्या हाती एका लाकडी इमारतीतली सभा.

तेजासिंग व्हँकुव्हरला रुजले नाहीत. फिरत राहिले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हिंदी शेतमजुरांच्या वस्त्यांत गेले. कॅलिफोर्नियात स्टॉकटनला १९१२ मध्ये जो गुरुद्वारा झाला त्याच्या उभारणीशीही त्यांचे नाव जोडले जाते. शिक्षण अर्धवट राहिले होते, ते हार्वर्डला जाऊन पुरे केले आणि १९११ मध्ये तिथली एम. ए. घेतली. पण त्याच वर्षाच्या शेवटी ते पुन्हा कॅनडाच्या कामी आले. डॉ. सुंदरसिंग, राजासिंग आणि रेव्हरंड हॉल यांच्यासह शिष्टमंडळ घेऊन ओटावाला गेले. मागणी एवढीच: इथे राहणाऱ्या माणसांना आपल्या बायका-मुलांना आणू द्या.

ही मागणी आज वाचताना साधी वाटते. अखंड प्रवासाच्या हुकुमाने बायको आणि मुले ‘नवे प्रवासी’ ठरत होती. म्हणजे नवरा कॅनडाचा रहिवासी, घर-जमीन त्याच्या नावावर, आणि त्याची बायको अनोळखी परदेशी! मॉरिशस, नाताळला निदान ठरावीक प्रमाणात बाया जहाजावर असाव्यात असा सरकारी नियम होता. मळ्याला पिढ्या हव्या होत्या, म्हणून. कॅनडाला पिढ्या नको होत्या. ओटावाने ऐकून घेतले, लेखी काही दिले नाही. जानेवारी १९१२ मध्ये भागसिंग आणि बलवंतसिंग आपापल्या कुटुंबांना घेऊन व्हँकुव्हरला उतरले, तेव्हा त्यांच्या बायका-मुलांना अडवले गेले, आणि पुष्कळ झगड्यानंतर ‘केवळ मेहेरबानी म्हणून, हा पायंडा समजू नये’ अशा अटीवर राहू दिले. १९१४ मध्ये कोमागाता मारू ३७६ उतारू घेऊन आली, दोन महिने बंदरात उभी राहिली आणि परत पाठवली गेली. बायका-मुलांना आणण्याचा हक्क १९१९ मध्ये कागदावर आला. तोवर कित्येकांनी वाट पाहणे सोडून दिले होते. १९११ च्या जनगणनेत कॅनडातली हिंदी वस्ती अडीच हजारांच्याही आत आली होती.

तेजासिंग मायदेशी परतले ते पुन्हा शाळेच्या कामाला. बनारस हिंदू विद्यापीठाच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे काही काळ प्राचार्य, मग मस्तुआणाचे अकाल कॉलेज. तीन खंडांत शिकून आलेला माणूस मालव्याच्या खेड्यात शिकवत राहिला. मोठ्या पगाराच्या नोकऱ्या त्यांना मिळाल्या असत्या, हे वेगळे सांगायला नको. पुढे त्यांना लोक संत तेजासिंग म्हणू लागले. १९५६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, जपानला सर्वधर्म परिषदेसाठी जाऊन आले. १९६५ मध्ये ते वारले. राजकारणात ते मवाळच राहिले. व्हँकुव्हरच्या ज्या तरुणांनी पुढे गदरचा रस्ता धरला त्यांना मास्तर फार सौम्य वाटले असतील. असोत. सौम्य माणसाने हिशेब नीट मांडला म्हणून काही हजार माणसे ऊसमळ्यावर जायची वाचली.

गोखल्यांच्या पश्चात भारत सेवक समाजाची धुरा सांभाळणारे श्रीनिवास शास्त्री १९२२ मध्ये कॅनडात आले, तेही मूळचे शाळामास्तर. मताधिकाराबद्दल पंतप्रधान किंग यांच्याशी बोलले. हाती काही लागले नाही. मत मिळाले १९४७ मध्ये.

आणि आपण? १९६७ मध्ये कॅनडाने वंश-देश न पाहता गुणांवर प्रवेश देण्याची पद्धत सुरू केली. पुढच्याच वर्षी मॉरिशस स्वतंत्र झाले. फ्रेंच येत होती म्हणून आपल्यातली बरीच घरे माँट्रियलला आली, काही टोरांटोला गेली. त्या अर्जात शिक्षणाला गुण होते, भाषेला गुण होते, आणि एक रकाना बायको व मुलांच्या नावांचा होता. वेस्ट सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरचा जुना गुरुद्वारा १९७० मध्ये रॉस स्ट्रीटच्या नव्या इमारतीत गेला. व्हँकुव्हरला जाणाऱ्या वाचकांनी किट्सिलानो भागात १८६६ क्रमांकाची ती जागा जरूर शोधावी. जुनी इमारत आता तिथे नाही.